मोसंबीचं पाणी आणि मालकांचं कॉलेज

शेजारच्या बागेचं पाणी कालपासून तोडलंय. आता महिना-सव्वा महिना ती झाडं तहानलेली राहतील. पानं आधी निस्तेज होतील, मग कडेनं आत वळतील, मग पिवळी पडून गळायला लागतील. परका माणूस बघेल तर म्हणेल, बाग गेली. पण मोसंबीला असंच ठेवावं लागतं. सुखातलं झाड नुसता पाला वाढवतं, फुलत नाही. त्याला मरायच्या वाटेला लावायचं आणि अगदी वेळेवर पाणी द्यायचं. मग ते घाबरून फुलतं. आमच्याकडं याला ताण देणं म्हणतात, आणि पाणी सोडून तो मोडायचा, त्याला ताण फोडणं.

या झाडाचं उदाहरण देऊन बायकांना शहाणपण सांगणारे मला खूप भेटले. सोसलं की फळ मिळतं, म्हणतात. सांगणारा स्वतः कधी ताणावर राहिलेला नसतो. आणि ताण लांबला की झाड उभ्या जागी वाळतं, हे त्यातला एकही सांगत नाही.

शेजाऱ्यांनी आता ठिबकच्या नळ्या टाकल्यात. एक चावी फिरवली की बागेचं पाणी बंद, उलटी फिरवली की चालू. त्यांची सून फिरवते, गडी फिरवतो, कुणीही फिरवतो. मी ओट्यावर बसून बघते. दरवर्षी या दिवसांत माझं तोंड कडू होतं. घरातले म्हणतात पित्त आहे.

आमची बाग मी आणि सासऱ्यांनी लावली. वडीगोद्रीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत, मुरमाड उताराची जमीन. मालक तेव्हा पलटणीत होते. मालक म्हणजे माझे यजमान, भानुदास. ते असताना त्यांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आता ते गेलेत, घेतलं तर कुणी अडवत नाही. रोपं बैलगाडीतून आणली, मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून. पहिले दोन उन्हाळे विहिरीचं पाणी मोटारीला पुरेना, म्हणून घागरींनी आणून एकेका आळ्यात ओतलं. त्या दोन उन्हाळ्यांत माझ्या टाळूवरचे केस गेले ते परत आले नाहीत.

मालक रसद खात्यात हवालदार होते, कारकुनीवर. पीठ, डाळ, रॉकेल, तंबू, जोडे, काय आलं आणि काय गेलं ते बघायचं. वर्षातून एकदा महिनाभर यायचे. आले की घर लग्नघरासारखं व्हायचं. गेले की सासूबाई दोन दिवस जेवायच्या नाहीत. मी जेवायचे, मला रानात जायचं असायचं.

"सुट्टी वाढवून मागा की," मी म्हणायचे.

"साहेब देत न्हाई," ते म्हणायचे.

हा साहेब मी कधी पाहिला नाही, पण भाकरी थापताना मी त्याला रोज शिव्या घालायचे. तो मला गोरा, जाड, हातात छडी घेतलेला दिसायचा. सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आत्याबाईंचं, वेगळं होतं. त्यांनी त्या साहेबाला सुबुद्धी व्हावी म्हणून वेशीवरच्या मारुतीला नवस बोलला होता. दर शनिवारी तेल वाहायच्या, साहेबाच्या नावानं. देवाला कुणाचं नाव सांगायच्या, त्यांनाच ठाऊक.

साहेब असल्याचा एक फायदा होता. वाट बघण्यात अपमान नव्हता. माणूस सरकारनं नेला, त्यात कुणाला काय बोलायचं? हळदीकुंकवाला गेले की बायका मला सरकून जागा द्यायच्या. जवानाची बायको. पोस्टमन सायकलवरून उतरून बोलायचा. मी कोरभर भाकरी खाऊन दिवस काढला तरी त्याला काहीतरी नाव होतं.

नोकरी पुरी करून मालक घरी आले, तेव्हा जालना जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सासरे आदल्या सालीच वारले होते. पस्तिशीतला माणूस, पोट सपाट, मिशी कापलेली. पहाटे उठून अंथरुणाची अशी घडी घालायचे की वर नाणं टाकलं तर टणकन उडावं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणं लावले. तिखटाचा डबा मग मला आठ दिवस सापडत नव्हता. संध्याकाळी बागेतून फिरायचे, एकेका झाडाजवळ थांबून विचारायचे, हे कधी लागलं, ह्याला डिंक का सुटला. मी सांगायचे. मला ते दिवस आवडले. एवढं लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई पहिल्यापासूनच कुरकुरी.

मग एका दुपारी जेवताना म्हणाले, पुण्याला जातो. नोकरीत असताना त्यांनी टपालानं अभ्यास करून बी.ए. केलं होतं. आता मॅनेजमेंटचं कॉलेज. माजी सैनिकांना तिथं जागा होत्या. दोन वर्षांचं शिक्षण.

"ते काय असतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कारखाना, कंपनी कशी चालवायची ते शिकवतात, आई."

"तुझा कुठं कारखाना हाय?"

"न्हाई, म्हणून तर शिकायचंय."

सासूबाईंना ते पटलं. त्यांना लेकाचं सगळंच पटायचं. मी भांडी उचलली. नंतर बागेत ते माझ्या मागं-मागं आले.

"सतरा वर्षं दुसऱ्याच्या हुकमानं उठलो, बसलो," म्हणाले. "मिसरूड न फुटलेलं पोरगं यायचं, खांद्यावर दोन चांदण्या लावून, अन् मी त्याला सलाम ठोकायचा. गया, आता मला हुकूम देनारा व्हायचंय."

"मंग मला द्या की. मी हाय, आत्याबाई हायेत, दोन लेकरं हायेत. गडी हाय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुला समजून न्हाई राह्यलं."

मला समजत होतं. जालन्यात तेव्हा एमआयडीसीत लोखंडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या, बियाण्यांच्या कंपन्या वाढत होत्या, आणि तिथून मोटारीत बसून येणारी माणसं आमच्या रस्त्यानं जायची. पलटणीतून सुटलेले आमच्याकडचे दोन प्रकार होते. एक शेतात जायचे, एक गिरणीच्या फाटकावर वॉचमन व्हायचे. ह्यांना त्या मोटारीत बसायचं होतं. वाईट काही नव्हतं त्यात. फक्त ह्या वेळी मधे साहेब नव्हता. ह्या वेळी माणूस आपल्या पायानं निघाला होता, आणि मी वेशीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली. बायका विचारायच्या, "परत गेले का हो? आता कशाला?" शिकायला, म्हटलं की तोंडाला पदर लावायच्या. "लेक चौथीत हाय अन् बाप शाळंत," एकजण म्हणाली. मीही हसले. काय करायचं?

पहिल्या सालचा ताण त्यांनीच फोडला. आमच्या घरची रीत अशी की ताणानंतरचं पहिलं पाणी घरधन्यानं सोडायचं. विहिरीवरच्या मोटारीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि बटण त्यानं दाबायचं. बाईनं कधी दाबायचं, तर धनी गेल्यावर. म्हणजे आमच्या भावकीत एखाद्या बाईनं पहिलं पाणी सोडलं की समजायचं, हिचं कपाळ मोकळं झालं. सासरे होते तोवर ते सोडायचे. ते गेल्यावर सासूबाईंना सोडता आलं असतं, पण कर्ता लेक होता. त्या साली संक्रांतीला मालक आले, बटण दाबलं, तिळगूळ खाल्ला, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या सालच्या दिवाळीत बरोबर दोन पोरं घेऊन आले. त्यांच्या वर्गातली, बाविशीची. पोरं चांगली होती, सासूबाईंच्या पाया पडली. बागेत खाट टाकून बसली आणि मालक त्यांना आमच्या बागेची माहिती सांगायला लागले. किती झाडं, कुठला व्यापारी, मधे कोण किती खातो. पोरं म्हणाली, ही चांगली केस आहे. मला वाटलं भावकीतल्या कुणी कोर्टात ओढलं. मग कळलं, तिकडं अभ्यासाच्या धड्याला केस म्हणतात. पोरं मालकांना 'भानुदास' म्हणत होती, अरे-तुरे करत होती. मी चहा घेऊन गेले तर त्यातलं एक उठून उभं राहिलं. "काकू, द्या इकडे."

ह्यांचा मित्र आणि माझा पुतण्या. मी मालकांकडं बघितलं. ते कपात बघत होते.

जाताना म्हणाले, "मार्गशीर्षात पाणी तोड. संक्रांतीला येतो अन् ताण माझ्या हातानं फोडतो. कॉलेजला सुट्टीच असती तवा."

तोडलं पाणी. आमची जमीन हलकी, तिला ताण लवकर बसतो. संक्रांतीला पानं वळली होती, चढावरच्या झाडांची गळायला लागली होती. आळी चाळून ठेवली, शेणखत टाकून ठेवलं. मी पुरण घातलं. मुक्कामाची एसटी आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या किराणा दुकानात त्यांचा फोन आला, दुकानदारानं माणूस धाडून मला बोलावलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी त्या फोनात ओरडत होते.

"कवा येऊन राह्यले?"

"एका कंपनीत काम शिकायला ठेवलंय. हेच लोक पुढं नोकरी देतील. पान किती गळालं?"

"चढावरचं निम्मं."

"अजून आठ-धा दिवस काढ."

"झाडाला सांगू का थांबायला?"

तिकडून म्हणाले, "आईला म्हणावं, मी येतोच हाय."

दुकानदारानं फोन जागेवर ठेवला आणि म्हणाला, "चहा घ्या, वहिनी." मी घेतला. त्याला उगीच का नको म्हणायचं.

सासूबाई म्हणाल्या, येतो म्हणालाय ना, मग थांबायचं. आम्ही थांबलो. ताणावरच्या बागेत थांबणं म्हणजे काय, ते सांगते. सकाळी जाऊन झाडाखाली बघायचं, कालच्याहून किती जास्त पडलीत. पानावर पाय दिला की कुरकुरतं. फांदी वाकवून बघायची, लवते की मोडते. नखानं साल खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. चढावरच्या एका झाडाची साल मी खरवडली तर आत तपकिरी निघालं. मी बोटानं अजून खाली खरवडलं. अजून खाली. मग सोडून दिलं. विहीर भरलेली होती. मोटार धड होती, वीज होती. पंधरा पावलांवर पाणी होतं, आणि ते द्यायला पुण्याहून माणूस यायचा होता.

अशात साळवे आले. टेंभुर्णीकडचे, मालकांच्याच पलटणीतले. सुटून आल्यावर जालन्यात एका गिरणीवर वॉचमन होते. पाहुण्यांकडं निघाले होते, म्हणून वाट वाकडी केली. मी बागेतच होते.

"भानुदास आलाय ना, वहिनी? म्हटलं कॉलेजला सुट्टी लागली असंल."

"न्हाई आले. काम लागलंय."

साळव्यांनी सायकल झाडाला टेकवली. हसले. "त्याला बिलकुल सुट्टीची हौस न्हाई. पलटनीत बी तसंच. आम्ही सुट्टीसाठी भांडून राह्यलो, अन् हा आपली अर्धी सुट्टी काढून तिथंच ऱ्हायचा."

"मिळत न्हवती ना. साहेब देत न्हवता."

"कोन म्हणलं? आमचा साहेब लई भला मानूस. उलटा ह्याला म्हणायचा, भानुदास, घर जा. दोन म्हयने सगळ्यालाच मिळायचे. हा एक म्हयना घरी यायचा, दुसऱ्या म्हयन्यात बराक रिकामी ऱ्हायची, म्हणायचा अभ्यास व्हतो. म्हणून तर बी.ए. झाला. आम्ही काय, बायकापोरात लोळलो अन् वॉचमन झालो."

ते पुन्हा हसले. मग माझ्याकडं बघितलं आणि हसणं बंद केलं. बोलून गेलेलं माणसाला कळतं, पण जरा उशिरा.

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय," म्हणाले.

"हाय की," मी म्हटलं. "चहा घेता का?"

ते नको म्हणाले. सायकल काढताना नुसतं म्हणाले, "झाडं लई सुकलीत, वहिनी."

ते गेल्यावर मी रडले वगैरे नाही. मला आधी त्या साहेबाची आठवण आली. गोरा, जाड, छडीवाला. सतरा वर्षं त्या भल्या माणसाला मी तळतळाट दिले होते. सासूबाईंनी त्याच्या नावानं किती तेल ओतलं होतं मारुतीवर. आणि तो बिचारा म्हणत होता, घर जा.

दुसऱ्या दिवशी वीज आल्या-आल्या मी मोटारीकडं गेले. नारळ नव्हता, हळदकुंकू नव्हतं. सासूबाईंना चाहूल लागली असावी, त्या काठी टेकत आल्या आणि मोटारीच्या खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या.

"गया, नवरा जिता हाय तुझा."

"हाय. मला म्हाईत हाय."

"मंग बटनाला हात लावून काय सांगून राह्यली तू गावाला?"

"पानी सोडून राह्यले, आत्याबाई. दुसरं काई न्हाई."

"त्याला येऊ दे. चार दिवस."

"झाडाला चार दिवस न्हाईत."

मी बटण दाबलं. मोटार धरायला वेळ लागला, मग पाणी आलं. सुकलेल्या पाटात ते पळत नाही, सरपटतं. पुढं माती पाणी पिते तेव्हा चुळचुळ आवाज येतो, आणि भेगांतून बुडबुडे निघतात. मी खोरं घेऊन पहिल्या आळ्याशी उभी राहिले. ते भरलं, पुढचं फोडलं. सासूबाई खाली बसल्या होत्या. मोठ्यानं रडत नव्हत्या, नुसत्या जमिनीकडं बघून डोकं हलवत होत्या, जसं मयताच्या घरी हलवतात. दुपारपर्यंत गाव गोळा झालं नाही, पण कळलं सगळ्यांना. कुंकू मी पुसलं नव्हतं, तरी बायका आठवडाभर माझ्या कपाळाकडं बघून बोलायच्या.

सासूबाईंनी त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. स्वतः उठून माठातून घ्यायच्या. जन्मभर नाही, चारेक महिने. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि घ्यावं लागलं.

चढावरची झाडं गेली. उरलेली फुलली, आणि अशी फुलली की पान दिसेना. लांबलेल्या ताणाची झाडं कधी-कधी तशी फुलतात. रस्त्यानं जाणारी माणसं सायकली थांबवून वास घ्यायची. म्हणायची, काय बाग आहे. चढावर जळणाला तोडलेली खोडं होती आणि त्यांच्यावरही खालून तो वास यायचा.

साळव्यांचं बोलणं मी मालकांना कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कारण दिलं असतं, आणि ते खरंही असतं. खरं कारण घेऊन मी काय करणार होते? पुढं त्यांना जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली, वर-वर चढत गेले. कंपनीचं घर होतं, गाडी होती. लेकरं तिथं राहून शिकली, आज चांगली आहेत ती त्या शिकण्यानंच, हे मी नाकारत नाही. मला चल म्हणाले. मी म्हटलं, बाग कोण बघणार? ते रविवारी यायचे. गावात म्हणायचे, गयाबाईला मातीची माया. माया कसली. ज्या घरी जायचं, त्या घरात कुणाची वाट बघायची नसेल तर जाण्यात अर्थ असतो. तिथंही ते रात्री उशिरापर्यंत कंपनीतच असायचे, लेकरं सांगायची. तिथं जाऊन पुन्हा वाटच बघायची, तर घर कशाला बदलायचं? त्यांना हुकूम देणारा व्हायचं होतं, ते झाले. माणसं त्यांना चांगला साहेब म्हणायची. गेले तेव्हा कंपनीतून मोटारी भरून लोक आले होते, आणि त्यातले काही खरंच रडत होते. मला ते बघून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

मी ताण फोडला त्याच साली वैशाखात ते कॉलेज संपवून आले. निरोप आधीच धाडला होता, अमुक गाडीनं येतो, ट्रंक आहे, बैलगाडी पाठव. पलटणीतून यायचे तेव्हा मी दोन तास आधी जाऊन फाट्यावर बसायचे, नवं लुगडं नेसून, लेकरांना तेल लावून. त्या दिवशी माझी पाण्याची पाळी होती. फळ सुपारीएवढं झालं होतं, उन्हाचा कहर होता. सासूबाई म्हणाल्या, गाडी जुंपायची ना? मी म्हटलं, गडी न्हाई मोकळा.

ते चालत आले. ट्रंक खांद्यावर, गळ्यात टाय, ती घामानं भिजून शर्टाला चिकटलेली. घराकडं न जाता सरळ बागेत आले आणि ट्रंक बांधावर ठेवली. चढावरच्या मोकळ्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले.

"फाट्यावर कुनीच न्हाई आलं," म्हणाले.

"पानी चालू हाय," मी म्हटलं, आणि पुढचं आळं फोडलं.